घरबसल्या नाही होत हो हे काम

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडं यूट्यूब आणि रील्समध्ये करिअर कसं करायचं यावर लेख आला होता, मोबाईल हातात आहे तर घरबसल्या कमवा अशा अर्थाचा. लेख चांगला होता, १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तासांचा वॉच टाइम झाला की जाहिरातीचे पैसे सुरू होतात, मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात, हे सगळं बरोबर दिलंय. (मी सुरुवात केली त्याच वर्षी म्हणजे २०१८ ला हा नियम लागला, त्यामुळं तो आकडा मला झोपेतसुद्धा आठवतो.) पण तो घरबसल्या शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी सांगलीत आठ वर्षं हेच काम करतोय, आधी फक्त स्वतःचं चॅनल होतं, आता दुसऱ्यांचे व्हिडिओ एडिट करून घर चालतं, आणि त्यातली पहिली चार वर्षं मी खरोखर घरात बसून काढली. ती कशी गेली ते मला माहितीये, आणि आता तुमचा लेख वाचून आमच्याकडची पोरं परत तेच करणार याची मला काळजी वाटते.

माडीवरची खोली, दार बंद, सेकंडहँड लॅपटॉप, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत ट्युटोरियल बघायचे आणि दिवसा एडिट करायचं. आई जेवायला हाक मारून मारून थकायची. दोनशेच्या वर चॅनलवाल्यांना मी मेल केले असतील, मी एडिटर आहे, सोबत शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) जोडलंय, एकदा संधी द्या. उत्तरं आली चार, त्यातल्या दोघांनी सांगितलं आधी एक व्हिडिओ फुकट करून दे मग बघू, आणि मी दोघांनाही करून दिला आणि पुढं काहीच झालं नाही. मला वाटायचं मीच कमी पडतोय. कुठं कमी पडतोय ते सांगायला मात्र कोण नव्हतं, कारण आमच्या अख्ख्या गल्लीत हे काम करणारा मी एकटाच.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर एक व्हिडिओ केला होता. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालं तेव्हा सगळे कॅमेरे घेऊन धावले, मी त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी गेलेलो. एका कारागीर काकांनी पूर्ण दिवस दिला, भोपळा कसा निवडतात, तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी कशी बसवतात, जवारी कशी काढतात म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वर कसा खुलवतात, सगळं दाखवलं. व्हिडिओ टाकला आणि खाली कमेंट काय तर आवाज खराब आहे, आवाज नीट नाही, हेडफोनवर ऐकवत नाही. अकरा जणांनी लिहिलं. एकानंही का खराब आहे ते सांगितलं नाही, ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले चांगला माइक घे भाऊ, आणि दोघांनी विकत घ्यायची लिंक पाठवली.

मग २०२२ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या मामेभावानं जबरदस्तीनं बोलवून घेतलं. बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात दर महिन्याला काही व्हिडिओवाली माणसं जमतात म्हणाला, तू ये नुसता, बोलू नकोस पाहिजे तर. सांगली ते स्वारगेट एसटीनं गेलो, तिकिटाचे पैसे वडिलांकडून घेतले तेव्हा त्यांचा चेहरा काय होता ते सांगत नाही. पंधरा-सोळा जण होते, पाऊस आला म्हणून सगळे आडोशाला चिकटून उभे, आणि त्यात एक पन्नाशीचे काका होते, साउंडवाले, डॉक्युमेंटऱ्यांना आवाज करायचे. त्यांनी विचारलं काय करतोस, मी फोनवर मिरजेचा व्हिडिओ लावून दिला. त्यांनी इअरफोन घातले, डोळे मिटले, वीस सेकंद ऐकलं असेल नसेल आणि म्हणाले, "घरातला फ्रिज चालू होता ना रे?"

मी गारच झालो. होता. कारागीर काकांचं घर आणि कारखाना एकच, आत स्वयंपाकघरात फ्रिज आणि डोक्यावर पंखा. "तंबोऱ्याच्या खाली जी घूं ऐकू येते ती फ्रिजची आहे. आणि माइक तू काकांच्या शर्टाला लावलास. तो बोलण्यासाठी ठीक, तंबोऱ्याला दुसरा लाव, घोडीच्या समोर हातभर लांब." एवढंच. माझ्या चार वर्षांच्या ट्युटोरियलात हे कुठंच नव्हतं, किंवा असेल पण मी कधी शोधलं नव्हतं, कारण फ्रिज हा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. मला संपादक साहेब हाच मुद्दा सांगायचाय. नेटवर आपण जे विचारू त्याचं उत्तर मिळतं. समोर बसलेला माणूस आपण जे विचारलंच नाही ते सांगतो.

पुढची गंमत म्हणजे महिन्याभरानं त्या साउंडवाल्या काकांचं कोल्हापूरला काहीतरी काम होतं, ते वाटेत मिरजेला उतरले, फक्त माझ्यासाठी. आम्ही परत त्या कारखान्यात गेलो. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर कारागीर काकांच्या घरच्या वहिनींची परवानगी घेऊन फ्रिजचा प्लग काढला आणि माझ्या गाडीची किल्ली मागून घेऊन फ्रिजमध्ये ठेवली. मी बघतच राहिलो. म्हणाले, रेकॉर्डिंग संपल्यावर माणूस खुशीत निघून जातो, फ्रिज बंदच राहतो, दूध नासतं आणि त्या घरात परत आपल्याला कोण उभं करत नाही, आता किल्लीसाठी तरी फ्रिज उघडशील. त्या दिवसापासून आजपर्यंत कुणाच्याही घरी शूट असलं की माझी किल्ली फ्रिजमध्ये असते. पंखा बंद, खिडक्या बंद, घामानं शर्ट भिजलेला, आणि तंबोऱ्याचे चार स्वर असे आले की कारागीर काकांनी स्वतः हेडफोन काढून दिले नाहीत पाच मिनिटं.

तो दुसरा व्हिडिओ चालला. फार नाही चालला पण चालला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे साउंडवाल्या काकांनी पुण्यातल्या एका डॉक्युमेंटरी करणाऱ्या बाईंना माझं नाव सांगितलं, सांगलीकडं एक मुलगा आहे, ऐकतो आणि वेळेवर येतो. या दोन गोष्टींवर मला पहिलं पैशाचं मोठं काम मिळालं. शोरील त्यांनी बघितलंच नव्हतं, नंतर कधीतरी बघितलं. लोक याला वशिला म्हणतात, पण मला ते पटत नाही. वशिला म्हणजे काम येत नसताना घुसणं. इथं एका माणसानं मला चार तास काम करताना बघितलं होतं, घाम पुसताना बघितलं होतं, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याला शब्द दिला होता. दोनशे मेलमध्ये हा शब्द कसा जाणार?

दुसरी गोष्ट पैशाची. हे मी मुद्दाम लिहितोय कारण यावर कोण बोलत नाही. मला एका एजन्सीनं ब्रँडचा व्हिडिओ दिला तर मी तीन हजारात करायचो आणि खूश व्हायचो. पुण्याच्या त्या भेटीत दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा चहा पिता पिता एक मुलगी सहज बोलून गेली की तिनं त्याच कामाचे पंचवीस हजार घेतले, व्ह्यू माझ्याएवढेच. कोणत्या ग्रुपवर हे कोण टाईप करणार, स्क्रीनशॉट निघतो लगेच. रेट, कुठली एजन्सी पैसे वेळेत देते, कुणाच्या करारात तुमचा चेहरा पाच वर्षं वापरायची अट लपलेली असते, हे सगळं माणसं फक्त समोरासमोर सांगतात, तेही तिसऱ्या-चौथ्या भेटीत. माझे एका ठिकाणी नऊ महिने पैसे अडकले होते, तिथंच एक ताई भेटल्या, त्या सीए आहेत आणि नवऱ्याच्या चॅनलचा हिशोब बघतात. त्यांनी विचारलं उद्यमवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी केलीस का? मला वाटायचं ते कारखानेवाल्यांसाठी असतं. त्यांनी सांगितलं की एडिटिंग ही पण सेवाच आहे, नोंदणी फुकट आहे, आणि २००६ च्या कायद्यानं नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. जुने पैसे मला अर्धेच मिळाले, ते गेले ते गेले. पण तेव्हापासून बिलावर उद्यमचा नंबर आणि खाली ही एक ओळ टाकतो, आणि आता महिना-सव्वा महिन्यात पैसे येतात. नऊ महिने मी रोज रात्री त्या एजन्सीला मेसेज करत होतो, ताईंना भेटायला लागली दहा मिनिटं.

लोक म्हणतात हे नवीन माध्यम आहे, इथं सगळं ऑनलाइन. अहो पण हे माध्यम बनवणारे तरी कसे एकत्र आले? यूट्यूब २००५ ला ज्या तिघांनी काढलं, चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम, ते तिघं आधी पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या कंपनीत बरोबर नोकरी करत होते. अमेरिकेतल्या जॉन आणि हँक ग्रीन या भावांनी २००७ मध्ये ठरवलं होतं की वर्षभर एकमेकांना काही लिहून पाठवायचं नाही, व्हिडिओच पाठवायचे, म्हणजे ऑनलाइनवर एवढा विश्वास असलेली माणसं, आणि त्याच दोघांनी २०१० ला लॉस एंजेलिसला व्हिडकॉन नावाचा मेळावा सुरू केला, व्हिडिओ करणारी आणि बघणारी माणसं एका छताखाली यावीत म्हणून.

आपल्याकडं बघा. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी ही जोडी यूट्यूबवर गाजली पण ती जमली पुण्यात कॉलेजात, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या एकांकिका करताना. ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात, आणि मराठी वेब सिरीज आणि यूट्यूबवरचे किती चेहरे तिथल्या तालमीतून आलेत ते मोजायला बसलं तर संध्याकाळ जाईल. यूट्यूबवरच्या मालिका घ्या, साताऱ्याकडच्या कोरी पाटीवाल्यांची 'गावाकडच्या गोष्टी' असो नाहीतर बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' असो, ही सगळी गावातली, एकमेकांच्या जवळची माणसं, सकाळी फोन केला की दुपारी शेतावर शूटला हजर. त्या आधीचं सांगायचं तर कोल्हापुरात १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी निघाली ती शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांची, हे सगळे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र काम करून तयार झालेले, आणि पाचवे भांडवलवाले सीताराम कुलकर्णी. पुढं १९३३ ला ते पुण्याला गेले आणि त्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झालं. आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर घडलेली गोष्ट आहे ही, आणि आम्ही पोरांना सांगतो खोलीत बस आणि मोबाईलवर शिक.

आणि ऑनलाइन ओळख किती दिवस टिकते तेही एकदा बघून झालंय. २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातली आणि टिकटॉक बंद झालं, ५९ अॅप एका संध्याकाळी गेली. बंदी बरोबर की चूक त्यात मी पडत नाही. पण आमच्या बाजूच्या गावातला एक पोरगा होता, लाखांत फॉलोअर, सकाळी उठला तर काहीच नाही, त्यातल्या एकाचाही फोन नंबर त्याच्याकडं नव्हता. तो आता चांगल्या दुकानात कामाला आहे, सुखी आहे, पण कॅमेऱ्यासमोर तो जे करायचा ते परत कुठं दिसलं नाही. त्याच गावातल्या दोन बहिणी एकदा साताऱ्याला कुणाच्या तरी शूटला चार दिवस राहून आल्या होत्या. त्यांना त्याच आठवड्यात त्या टीमकडून फोन आला, यूट्यूबवर या, आम्ही चॅनल काढून देतो. आज त्या चॅनलवर घर चालतंय.

भेटणं म्हणजे ती तिकिटं लावून भरवलेली संमेलनं नव्हेत हेही लिहितो, नाहीतर गैरसमज व्हायचा. मी एकदा अशा एकाला चार हजार भरून गेलोय, मोठं हॉटेल, गळ्यात पट्टा, स्टेजवर मोठी नावं, आणि खाली आम्ही सहाशे जण एकमेकांबरोबर सेल्फी काढत. संध्याकाळी घरी आलो तेव्हा खिशात बावीस व्हिजिटिंग कार्ड होती आणि एकाचाही आवाज आठवत नव्हता. मुंबईत मे २०२५ ला वेव्हज हे सरकारी संमेलन झालं, चार दिवस, देशभरातले क्रिएटर, मंत्री, कंपन्या, ते मोठ्या पातळीवरचं काम आहे, व्हायलाच पाहिजे. पण ज्याला अजून शंभर सबस्क्रायबर नाहीत त्याला तिथं काय मिळणार? यूट्यूबनं स्वतः २०१६ ला मुंबईत गोरेगावला स्पेस सुरू केली होती, शिकायला, शूट करायला, भेटायला जागा, आणि २०२१ ला जगभरातल्या अशा कायमच्या जागा त्यांनी बंद करायला घेतल्या. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, मी कधी गेलो नव्हतो तरी. आता वाटतं मुंबईची जागा बंद झाल्याचं दुःख करण्यापेक्षा सांगलीत एक जागा का नाही हे विचारलं पाहिजे.

मुलींचं तर वेगळंच लिहायला हवं. आमच्या भागात रेसिपी करणाऱ्या, मेहंदीच्या, शिवणकामाच्या, अभ्यास शिकवणाऱ्या कितीतरी जणी चॅनल चालवतात, काम आमच्याहून नेटकं असतं. पण भेटीगाठी ठरतात त्या रात्री आठ नंतर चहाच्या टपरीवर, तिथं त्या कशा येणार? मग रेटही त्यांना कळत नाही, कॅमेरामनही ओळखीचा नसतो आणि शेवटी कुठल्या तरी एजन्सीच्या मेसेजला हो म्हणतात. दिवसाढवळ्या, चार भिंतींच्या आत, बाई आईला किंवा सासूला घेऊन येऊ शकेल अशी जागा असली तर हे निम्मं सुटेल. आणि आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, पोरगं किंवा पोरगी म्हणाली की पुण्याला चारजण भेटतायत, जाऊन येऊ का, तर एसटीचे पैसे द्या. माझ्या वडिलांनी तोंड वाकडं करून का होईना दिले होते.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं 'सीता स्वयंवर' केलं म्हणून. तेव्हाही कुणीतरी जागा दिली होती, तालमीला माणसं रोज येत होती, तेव्हा ते उभं राहिलं. माझी महानगरपालिकेला आणि शहरातल्या कॉलेजांना आणि नाट्यगृहवाल्यांना एवढीच विनंती आहे की महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते एक, एखादी साधी खोली आम्हाला नाममात्र भाड्यानं द्या, स्टेज नको, हार-तुरे नकोत, चार प्लग पॉइंट आणि पंखे असले तरी बास. आम्ही सध्या कृष्णेच्या घाटावर भेटतो, दहा-बारा जण, सात महिने झाले. एक जण आपला नवीन व्हिडिओ लावतो, बाकीचे कुठं कंटाळा आला ते तोंडावर सांगतात, मग ज्याला जे अडलंय ते विचारायचं. त्यातून आत्तापर्यंत तिघांना काम लागलंय, एका पलूसच्या मुलाला तर पुण्यात एडिटरची नोकरी लागली. पण पावसाळ्यात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांकडं सरकलं की घाट गेला आणि आमची भेट पण गेली, आणि ऊन-पावसात लॅपटॉप उघडून बसता येत नाही.

आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या पेपरात रोज 'आज शहरात' म्हणून चौकट येते, कीर्तन कुठं, रक्तदान शिबिर कुठं, व्याख्यान कुठं. त्यात महिन्यातून एकदा आमची एक ओळ घ्याल का? मोबाईलवर टाकलं की ते आमच्यासारख्यांनाच दिसतं, ज्यांना आधीच माहिती आहे त्यांनाच. पेपरात आलं तर माडीवरच्या खोलीत बसलेल्या मुलाच्या आईला दिसेल, आणि ती दार वाजवून सांगेल. पुढची भेट येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, घाटावरच, जागा मिळाली तर कळवूच. फी काही नाही. ज्याचा व्हिडिओ दाखवायचाय त्यानं तो फोनमध्ये आधीच डाउनलोड करून आणावा, घाटावर रेंज नसते.

आपला नियमित वाचक,
एक व्हिडिओ एडिटर, सांगली